पास सांगणाऱ्यानं करायचं

बायकोलाही आजवर न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. आमच्या ऐकण्याच्या सरांचा वर्ग बंद पडला तो माझ्यामुळे. कॉलेजात सगळे प्राचार्यांना बोल लावतात, मीही मान डोलावतो. आणि ज्या माणसाचा वर्ग मी बंद पाडला त्याच्यासारखा ऐकणारा आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झालेला नाही. बोलणारे आमच्याकडे पायलीला पन्नास मिळतात, पानठेल्यावर तर सगळे एकदमच बोलतात. ऐकणारा एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला आला.

वर्ध्याहून हिंगणघाटकडे निघालं की वाटेत एक नर्सिंग कॉलेज लागतं. मी तिथं परीक्षा विभागातला बाबू. आमच्याकडे केरळच्या, छत्तीसगडच्या, मणिपूरच्या मुली शिकायला येतात, आणि त्यांना पेशंट मिळतात ते सेलू-देवळीच्या खेड्यांतले. म्हणून त्यांना मराठी शिकवायला जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर ठेवले. वेळापत्रकात विषय होता ‘मराठी संभाषण’. मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावरचा पेन उचलला, ‘संभाषण’ खोडलं, वर ‘ऐकणे’ लिहिलं आणि म्हणाले, “बाबूसाहेब, बोलतीन त्या मंग. बोलाले काय लागते? आधी पेशंट काय म्हनून राह्यला ते त समजू द्या.” त्या दिवसापासून ते ऐकण्याचे सर झाले.

वर्गाच्या दारात ते स्टीलचा पोह्यांचा डबा घेऊन उभे राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलीकडून पेन काढून घेत. पेन हातात आला की माणूस ऐकणं सोडतो आणि लिहून घ्यायला लागतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांचाही पेन त्यांनी डब्यात टाकायला लावला. साहेबांनी शेरा लिहायला मागितला तेव्हा सर म्हणाले, “पयले वर्ग आयका, शेरा आपोआप सुचन.” कॉलेजनं एका कंपनीची तयार सीडी आणून दिली होती. तिच्यात एक गृहस्थ दुसऱ्या गृहस्थांना “आपण कुशल आहात ना?” असं विचारत. सरांनी ती अर्धा मिनिट वाजवली, मग यंत्र बंद करून मुलींकडे दयेनं पाहिलं. “यायच्या घरी कोनी खोकलत नाई, बाहीर कुत्रं भुकत नाई, लेकरू रडत नाई. असे लोक आपल्या दवाखान्यात येत नाईत, पोरीहो.”

मग ते स्वतःच बोलणं गोळा करायला लागले. आधी खिशात मावणारा टेप, पुढे मोबाइल. माणसाला विचारून, त्याची हरकत नसली तरच. कापसाच्या गाड्यांची रांग, तालुक्याचा बाजार, दवाखान्याबाहेरचं लिंबाचं झाड. एकेक बोलणं तीन-चार मिनिटांचं, आणि ते वर्गात तीनदा वाजायचं. पहिल्यांदा फक्त एवढंच ओळखायचं की बोलणारा रागावलाय, भ्यालाय की थकलाय. शब्द समजला नाही तर सोडून द्यायचा. दुसऱ्यांदा काय घडलं ते. तिसऱ्यांदा, त्यानं काय सांगायचं टाळलं ते. या तिसऱ्या वेळेला मुली रडकुंडीला येत. “सर, त्याने सांगितले नाही तर आम्ही कसे ऐकणार?” एक केरळची मुलगी पुस्तकी मराठीत भांडायची. ती वर्गाची प्रतिनिधी होती. सर खूश होऊन म्हणत, “आता कशी बोललीस! हेच त शिकाचं हाय.”

वर्गाबाहेर हा माणूस जगायला अवघड होता. समोरच्याचं बोलून झालं की लगेच उत्तर द्यायचं नाही, अंगठा चारही बोटांवरून फिरवून मगच तोंड उघडायचं, हा त्यांचा नेम. कारण, ते म्हणत, माणूस खरी गोष्ट थांबल्यावर सांगतो. चहावाला “साखर कमी टाकू का?” विचारी आणि सर बोटं मोजेपर्यंत चहा उकळून अर्धा होई. एकदा त्यांना वणीच्या एका बाईचा चुकून फोन आला. तिनं त्यांना आपले भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, समजून नणंदेचं सगळं प्रकरण पंचवीस मिनिटं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, बोटं मोजली आणि म्हणाले, “ताई, नंबर तुमचा चुकला हाय, पन बाकी तुमचंच बरोबर हाय.” ती बाई पुढे दर दिवाळीला फोन करायची. हिंगणघाटला लग्नाला निघालेले सर एकदा आर्वीला उतरले, कारण बसस्टँडवर भेटलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट संपली नव्हती आणि म्हाताऱ्याची बस आर्वीची होती. त्यांच्या बायकोला मी एकदा विचारलं, वैनी, तुम्हाला बरं आहे, घरात ऐकणारा माणूस. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, “कायचं बरं? भांडाचीच सोय नाई! मधात बोलतच नाई न हे. सारं शेवटपर्यंत आयकते, मंग मलेच वाटते का आपुनच चुकलो.”

पण त्यांची परीक्षा या सगळ्यावर कडी होती. कागद नाही, गुण नाहीत. गावातला एखादा माणूस वर्गात खुर्चीवर बसायचा आणि मनातलं काहीही सांगायचा. मग एकेक मुलगी त्याच्यासमोर बसून त्याचंच बोलणं त्याला परत सांगायची, आपल्या मोडक्या मराठीत. सांगणारा “हो, मी असंच म्हनलं” म्हणाला की पास. तो नाही म्हणाला तर नापास, आणि सरांनाही त्यात ढवळाढवळ करायची मुभा नाही. पास सांगणाऱ्यानं करायचं. एका जिनिंगमधल्या कामगारानं एका हुशार मुलीला नापास केलं. तिनं त्याचं सगळं दुखणं तारीखवार सांगितलं होतं, पण मशीन बंद पडल्यावर त्याला हसू आलं होतं ते राहिलं होतं. सेलूकडच्या कौसाबाईंनी तर पहिल्या वर्षी एका दमात अकरा जणींना घरी पाठवलं. कौसाबाई म्हणजे सरांच्या लाडक्या सांगणाऱ्या. दारातूनच सगळ्यांना “जय भीम, पोरीहो” म्हणत आत यायच्या आणि लुगड्याचा पदर खोचून न्यायाधीशासारख्या बसायच्या. मुलींचा गुन्हा एवढाच की गुडघ्याची सगळी हकीकत सांगताना त्यांनी बकरी वगळली. “बकरी गेली म्हनून त मी पडली न बाई! तिच्या मांगं धावली म्हनून गुडघा गेला. बकरी काऊन सोडली?” सर मागच्या बाकावर बसून लहान मुलासारखे हसत होते.

आता माझ्याकडे येतो. निकाल वाईट लागत होते. तिसांतल्या बारा-तेराच पास. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की यंदा मराठीचा निकाल वर आला नाही तर हा तमाशा बंद, पुण्याच्या कंपनीचं संगणकावरचं पॅकेज घ्यायचं, चार पर्याय, एकावर खूण. हे मी सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते अंगठा बोटांवरून फिरवून म्हणाले असते, नापास झाल्या तर झाल्या, पुन्हा ऐकतील. सरांच्या सगळ्या ध्वनिफिती जपायला माझ्या कपाटात असत आणि परीक्षेला कोण येणार त्याचं बोलावणंही मीच धाडत असे. त्या वर्षी कौसाबाई येणार होत्या. त्या दरवेळी गुडघा, बकरी आणि नागपूरला दिलेली लेक एवढंच सांगतात हे मला पाठ होतं. मी ते दीड पानात टाइप केलं, बकरीसकट, आणि केरळच्या त्या प्रतिनिधी मुलीच्या हातात सगळ्यांत वाटायला दिलं. ती म्हणाली, “सर, हे योग्य आहे का?” मी म्हणालो, “तुमच्या सरांचा वर्ग वाचेल.” माझ्या बढतीची फाइल प्राचार्यांच्या त्याच टेबलावर पडली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी कौसाबाई आल्या. पदर खोचला नाही. सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बोलायला लागल्या. मी दारात उभा होतो. त्या म्हणाल्या, “गुडघ्याचं त चालूच हाय बाई. पन आता पंधरा-वीस रोज झाले, भाकर नाई जाऊन राह्यली. घास इथं येते अन् थांबते. सुनेले वाटते नखरे करून राह्यली बुढी. मी आपली जवारीच्या कन्या पातळ करून पेते. लेकीले नाई सांगतलं. कायले सांगू? ते तिकडं जीवाले घोर लावून घेईन.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मले भेव वाटते.” एवढंच.

पहिली मुलगी समोर बसली आणि म्हणाली, “तुमची बकरी पळाली. तुम्ही मागे धावला. तुमचा गुडघा दुखतो. मुलगी नागपूरला आहे.” कौसाबाई हसल्या. “अवं, हे मागच्या सालचं. आज म्या हे नाई सांगतलं.” दुसरी बसली. बकरी, गुडघा, नागपूर. “नाई बाई, भाकरीचं सांगतलं म्या.” तिसरीनं बकरीचा रंगही सांगितला, तोही माझ्याच कागदातला. मुलींचा दोष नव्हता. कागद डोक्यात होता, तोच ऐकू येत होता. आपलं पाठांतर चुकलं असं वाटून प्रत्येक मुलगी ते आधीपेक्षा घाईनं म्हणत होती. सहाव्या मुलीनंतर कौसाबाई नुसत्या मान हलवत राहिल्या. सातवीनं बकरी म्हणताच त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हो पोरी. बरोबर हाय. असंच हाय माहं.”

आणि मग त्यांनी सगळ्यांना पास केलं. आधी नापास केलेल्यांनाही बोलावून पास केलं. तिसांपैकी तीस. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

सर मागच्या बाकावरून उठले. त्यांनी बोटं मोजली नाहीत. कौसाबाईंचा हात धरला, “चाला माय, सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊ,” एवढं म्हणाले आणि तसेच त्यांना घेऊन रस्त्यावर गेले, मिळाली त्या ऑटोत बसले. कौसाबाईंवर उपचार झाले. वेळेत आणलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मुलीकडे नागपूरला राहतात आता, गिळणं कमी झालंय, पण आहेत. हे त्या एका माणसानं ऐकलं म्हणून. वर्गात मुली होत्या, प्राचार्य होते, मी होतो.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. राजीनामा एका ओळीचा होता. मी म्हणालो, “सर, शंभर टक्के निकाल लागला आणि तुम्ही जाताय?” ते खुर्चीत बसले. “बाबूसाहेब, इतके वर्षं म्या पोरीहिले काय शिकवलं मालूम हाय? मानूस समोर बसून म्हन्ते मले भेव वाटते, अन् या पोरी त्याले बकरी सांगतात. म्या आयकाचं शिकवाले गेलो अन् त्याचाबी धडा करून टाकला. माहीच चूक हाय.” त्यानंतर ते थांबले. त्यांच्या नेमाप्रमाणे माझी पाळी होती. कागद मी टाइप केला, एवढे चारच शब्द बोलायचे होते. मी राजीनाम्यावर आवक क्रमांक टाकला.

पॅकेज आलं. मला बढती मिळाली. मुली चार पर्यायांतल्या एकावर खूण करतात आणि सगळ्या पास होतात. प्रतिनिधी मुलगी जाताना माझ्या टेबलाशी आली होती, काही बोलणार होती, मी फोन उचलला.

मागल्या महिन्यात केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो, ते निमित्त. सर तिथं मुलाकडे राहतात. अंगणात खाटेवर बसले होते. शेजारचा कुणी आपल्या बैलाचं काही सांगत होता, त्याचं वाक्य अर्धं व्हायच्या आत सर म्हणाले, “हो हो, समजलं.” मी चपापलो. आतून वैनी पाणी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “आता असंच करते हे. कोनाचंच पुरं होऊ देत नाई. मी भांडली त मधातच उठून जाते.” नेमातून माणूस मोकळा झाला असता तर वेगळं होतं. त्यांच्याकडे पाहून वाटलं, ऐकणं आपल्याला पुढे कुणाला देता येत नाही, अशी त्यांची खात्रीच झाली आहे, मग कशाला ऐका.

शेजारी गेल्यावर मी म्हणालो, “सर, त्या परीक्षेचं एक सांगायचं होतं. तो कौसाबाईंचा दिवस...”

“हो हो, समजलं,” सर म्हणाले. “वर्ग बंद झाला, तुमाले वाईट वाटते. सोडा न बाबूसाहेब. च्या घेता?”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं बोलणं तोडलं होतं, आणि मला सुटल्यासारखं झालं. मी चहा घेतला. हे मला या सगळ्यातलं सर्वांत लाजिरवाणं वाटतं.

हे मी इथं लिहिलंय, पण सर आता काही वाचत नाहीत. कागद मी टाइप केला, मुलींना मी दिला, सरांच्या शिकवण्यात काही खोट नव्हती: हे त्यांच्यासमोर बसून, त्यांनी चारदा तोडलं तरी पुरतं सांगून होईपर्यंत सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.