गुडघे हा मामांचा विषय नव्हे

माणूस म्हणजे निव्वळ पोट, बाकीचे अवयव त्याच्या दिमतीला, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला: माझ्या बायकोचे मामा. त्यांचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं, मी पुण्याहून आयटीत आलेला. लग्न ठरवताना त्यांनी माझा पगार विचारलाच नाही. "स्वल्प जीभ दाखवा," कानडी वळणाने म्हणाले, आणि निरखून "सरी, ठीक आहे, मुलगी द्यायला हरकत नाही" असा निकाल दिला! त्यांच्या चामराजपेटेत कुणाला अल्सर झाला की डॉक्टरच्या आधी मामांना कळायचं. मग पहाटे कोहळ्याचा रस, दुपारी ज्येष्ठमध, झोपताना दुधातून शतावरी, आणि तिखटाचं नावही काढायचं नाही. शेजारचा हॉटेलवाला मिरचीची भजी तळू लागला, तर हे दारात उभे राहून गिऱ्हाइकं परत पाठवू लागले. "अण्णा, आत बसा, इडली खा," म्हणून तो बिचारा हात जोडायचा. इडली खाऊन, चटणी जहाल आहे म्हणत हे पुन्हा दारात.

आणि एके दिवशी मामांनाच घेरी आली. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "शौचाला काळं होतंय. पण इथला डॉक्टर नको हो, पेठेत काय तोंड दाखवू?" तसंच ऑटोत घालून पेठेबाहेर, राजाजीनगरला नेलं. मामांचं पोटावरचं व्याख्यान ऐकून घेऊन, मग दुर्बिणीने तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अल्सरमधून रक्त जातंय. दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"रोज घेतो. गुडघ्यांसाठी. उपाशीपोटी."

"अहो, त्यानेच झालंय हे! एवढं पोटातलं कळतं तुम्हाला, आणि..."

"बाई," मामा क्षीण आवाजात म्हणाले, "गुडघे हा माझा विषय नव्हे."

थोडक्यात वाचले. पण घरी आले ते मूग गिळूनच. कुणी पोट धरून आलं की "डॉक्टरकडे जा" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मला ते बघवेना. शेवटी एका रविवारी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"मामा, जेवल्यावर जळजळतंय हो."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. काही नाही म्हणाले."

"गोळ्या? डोक्याच्या, गुडघ्याच्या, कसल्याही?"

"नाही."

मामा खुर्ची माझ्याकडे ओढून हळूच म्हणाले, "हं. सांगा. नेमकं कुठे जळजळतं?"

माझ्या पोटाला काहीएक झालेलं नव्हतं. तरी मी सांगत राहिलो, चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं, आणि मामा डोळे मिटून ऐकत राहिले.