कावळ्याला दिलेला शब्द

पिंपळवंडीच्या सावळारामांचं टोमॅटोचं क्रेट नारायणगावच्या मार्केटात कुणी उपसून बघत नसे. वर जो माल तोच खाली. व्यापारी नुसतं नाव ऐकून पुढे सरकत. माणूसही तसाच होता. बोलणं बेताचं, पण एकदा बोलला की विषय संपला. म्हशीचा सौदा एकाशी तोंडी ठरला आणि दुसऱ्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक जास्त पैसे घेऊन दारात उभं राहिलं, तरी म्हैस पहिल्याच्याच दावणीला गेली. त्यांची बायको सारजाबाई तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाली होती, "ह्यांच्या जिभंला गाठ पडली की ब्रम्हदेव आला तरी सुटायची न्हाई."

त्यांचा एकुलता मुलगा आदेश हॉटेलचं काम शिकून, बायको तेजस्विनी आणि लहानगी श्रेया यांना गावी ठेवून परदेशात गेला होता. तिकडच्या एका मोठ्या हॉटेलात भाज्या, सॉस, सूप असलं काहीबाही करायचा आणि रविवारी फोनवर आईला पिठलं कसं करतात ते विचारायचा. एका संध्याकाळी त्या हॉटेलात कुणीतरी पाठीला बॉम्ब बांधून शिरलं. पिंपळवंडीत ही बातमी आधी टीव्हीवर हिंदीतून आली, मग फोनवर इंग्रजीतून आली, आणि मराठीत सांगायची वेळ आली तेव्हा सांगणाऱ्यालाच रडू फुटलं. पेटी आली ती बंद. उघडायची नाही असा वरचा हुकूम होता. आईनं लाकडावरून हात फिरवला आणि तेवढंच पोराचं तोंड समजून घेतलं.

आमच्याकडे दहाव्याला लग्नापेक्षा गर्दी. कुकडीच्या काठी मांडव, माईक, आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. मेलेल्याला आयुष्यात भेटले नसतील असे पुढारीही तिथे गहिवरतात. आदेशच्या दहाव्याला तर असल्या पाहुण्यांना मांडव पुरला नाही. एका पुढाऱ्यानं माईक हातात घेऊन सांगून टाकलं, "हा नुसता मृत्यू नाही, दहशतवादाचा बळी आहे. शासन या कुटुंबाला भरपाई दिल्याशिवाय राहणार नाही." टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना. एक-दोघांनी वाजवल्याही.

खाली घाटावर पिंड मांडला होता आणि कावळा शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर बसला होता, मान तिरकी करून बघत होता, पण खाली येत नव्हता. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. आदेशचा मामा म्हणाला, पोरीच्या शिक्षणाचं मी बघतो. कावळा हलेना. चुलता म्हणाला, आई-बापाला अंतर देणार नाही. कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन चढत होतं, लोक घड्याळं बघत होते, विधी सांगणारे गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले.

तेव्हा सावळाराम पुढे झाले. आता यात एक गोष्ट आमच्या तालुक्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवी. जुन्नरात भरपाई हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. बिबट्यानं शेळी नेली की वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा करतो, फोटो काढतो, आणि आज ना उद्या पैसे येतात. शेजारच्या बहिरूची कालवड गेली तेव्हा सावळारामच पंच होते. जनावराची मिळते, मग माणसाची तर मिळणारच, त्यात सरकारचाच माणूस माईकवर बोलून गेलेला. त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. ओल्या अंगानं हात जोडून ते म्हणाले, "आदेशा, सरकारदरबारी तुझं जे काय हाय ते मी तुझ्या लेकीच्या हातावर आणून ठेवीन. जीवात जीव हाय तवर सोडायचा न्हाई."

आणि कावळा उतरला. पिंडाला चोच लावून भात घेऊन उडालाही. सगळ्या घाटानं श्वास सोडला.  पोराचा जीव कशात अडकला होता ते आपल्याला कळलं, असं सावळारामांना त्या दिवशी अगदी पक्कं वाटलं.

तिथून पुढे माणूस शेतात कमी आणि एसटीत जास्त दिसू लागला. जुन्नरची तहसील, पुण्याचं कलेक्टर ऑफिस, मुंबईलाही एक फेरी. सगळीकडे माणसं चांगली भेटली, हेच वाईट झालं. कुणी हाकललं असतं तर राग तरी धरता आला असता. पुण्याला एका तरुण बाईसाहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, "बाबा, दहशतवादच आहे, त्यात वाद नाही. पण घटना आपल्या देशाच्या हद्दीत झालेली नाही. ही योजना हद्दीपुरतीच आहे."

"म्हंजी बॉम्बला हद्द असती व्हय, मॅडम?"

बाईसाहेबांनी कागद नीट लावून परत दिले. म्हणाल्या, तिकडच्या सरकारला लिहून बघा. सून तेजस्विनीनं मोबाईलवरून लिहिलं. तिकडून उत्तर आलं, मोठं अदबीचं. आपल्या दुःखात सहभागी आहोत, परंतु हा निधी आमच्या नागरिकांसाठी आहे. म्हणजे हे म्हणतात मेला तिकडे, ते म्हणतात होता तुमचा. आदेश दोन्हीकडून पाहुणाच ठरला. पाहुण्याचं दुःख करतात, त्याला वाटा देत नाहीत.

गावात लोक दबकत बोलायचे. बहिरू मात्र तोंडावर बोलला, "भाऊ, राग मानू नका. पोराला बिबट्यानं नेला असता तर एव्हाना मिटलं असतं बगा." सावळारामांना राग आला नाही. हेच त्यांच्या मनात कितीदा येऊन गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली होती.

याच सुमाराला तेजस्विनीचे वडील सोमाजी एक स्थळ घेऊन आले. डिंगोऱ्याचा ऋषी, टोमॅटोच्या रोपांची नर्सरी चालवायचा. बायको आजारानं गेलेली, मूलबाळ नाही, श्रेयाला आपली म्हणून वाढवायला तयार. पोरगी दोनदा त्याच्या नर्सरीत जाऊन आली होती आणि खिशात रोपं कोंबून आणली होती. सारजाबाईनं डोळे पुसत का होईना, होकार भरला.

सावळारामांनी मात्र मान हलवली. तहसीलीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणाऱ्या एका शहाण्यानं त्यांना सांगून ठेवलं होतं, सुनेचं दुसरं लग्न झालं की ती मयताची बायको राहत नाही, मग केस मेली. खरं-खोटं त्यालाच ठाऊक.

"माझी ना न्हाई, पावणं," ते सोमाजींना म्हणाले. "पण जरा दम धरा. एकदा सरकारचं येऊ द्या, मी सोता कन्यादान करतो."

"किती दम, भाऊ?"

"आता झालंच म्हना."

तेजस्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही. एका वीतभर कावळ्याच्या साक्षीनं दिलेला शब्द त्या घरात देवासारखा बसला होता, त्याच्यापुढे बोलणार काय? ऋषीनं दम धरला, एक सुगी, दुसरी सुगी. मग ओतूरकडची एक मुलगी बघून त्यानं लग्न उरकलं. पत्रिका पिंपळवंडीलाही आली. श्रेयानं आणलेली रोपं तोवर परसात वाळून गेली होती.

शेवटचं उत्तर यंदाच्या श्रावणात आलं. प्रचलित कोणत्याही योजनेत प्रकरण बसत नसल्याने ते निकाली काढण्यात येत आहे. सावळारामांनी ओसरीवर बसून कागदाची घडी घातली. म्हणाले, "दिल्लीला गेलं तर..."

तेजस्विनी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली.

"मामा, आता पुरं करा."

"अगं, शब्द हाय माझा. पोरगा त्याच्यासाठीच अडला व्हता. मी बोल्लो अन् कावळा शिवला, समद्यांनी बगितलं की!"

"मी बी तवा हात जोडून हुबी व्हते. तुमी बोलत व्हता तवा मी मनात बोलले."

"काय?"

"ह्यास्नी म्हणलं, मला मोकळं करा. माझ्यात आन् पोरीत जीव नका अडकवू, आमी जगू कसंबी. आन् त्यो उतरला." तिचा आवाज चढला नव्हता. "मी बी समजले, मला परवानगी दिली."

सारजाबाई आतून ऐकत होती.  इतकी वर्षं हिच्या मनात हे होतं, आणि ही रोज सावळारामांच्या एसटीच्या वेळेला डबा बांधून देत होती.

"मग सोमाजी आलं तवा का न्हाई बोल्लीस?"

"तुमचा शब्द लई मोठा व्हता, मामा." एवढं बोलून ती आत भाकऱ्या थापायला गेली.

पितृपक्षात आदेशच्या तिथीला सावळाराम पत्र्यावर घास घेऊन चढले. भात, वडा, खीर, आणि सारजाबाईनं आठवणीनं ठेवलेलं पिठलं. पान ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. काहीतरी बोलावं म्हणून ओठ उघडले. पण आता पोराला द्यायला एकही शब्द त्यांच्यापाशी उरला नव्हता. 

कावळा लगेच आला. पिठलं खाल्लं, वडा उचलला आणि उडून गेला. त्याला या वेळी कुणी काहीच कबूल केलं नव्हतं.