दाढेसाठी वळकटी

पंढरीनाथ कापड विणायच्या लूमना तेल घालायचा. निजामपुऱ्यातले चार कारखाने आपल्याच जिवावर चालतात, असं तो छातीठोक सांगायचा. मालकांना कुणी विचारलं नव्हतं. २००९ साली त्याला सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड मिळालं आणि गडी हवेतच गेला. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल आतल्या खिशात. पण वापरणार कसं? घरात मेलं कुणी आजारीच पडेना!

अशात शाळेत दातांचं शिबिर झालं. त्याची लेक धम्मदिना आठवीत. तिच्या दोन दाढांना बारीक खड्डे निघाले. आत्ता भरले तर दाढा टिकतील, नाहीतर पुढे काढाव्या लागतील, अशी चिठ्ठी घरी आली. दवाखान्यात दाखल झाल्यावरच कार्ड चालतं, हे पंढरीनाथला पक्कं ठाऊक. म्हणून हा शहाणा पोरीसोबत वळकटी, तांब्या आणि दोन दिवसांच्या भाकऱ्या घेऊन कार्डवाल्या दवाखान्यात हजर.

काउंटरवरच्या चंद्राबाईंनी वळकटीकडे पाहून कपाळाला हात लावला. दाढ भरायला दाखल करत नाहीत, आणि दाखल नाही तर कार्ड नाही. उद्या दाढ सडून जबडा सुजला, तर मात्र विम्यात बसेल म्हणे. पंढरीनाथचं डोकंच फिरलं.

"ताई, मी लूमला तेल घालतो ना, ते लूम चालू हाय तवर. मोडल्यावर न्हाय."

रांग हसली, चंद्राबाईही हसल्या, पण कार्ड परत सरकवलं. आतून दातांच्या डॉक्टर मृणाली ऐकत होत्या. दहा मिनिटांचं काम, मीच करते, पैशांचं बघू नका, म्हणत त्यांनी दोघांना आत घेतलं.

आता पोरगी तोंडच उघडेना. बापानं शेजारच्या स्टुलावर बसून "असं कर" म्हणत आ वासला. डॉक्टरांची बॅटरी तिकडे वळली ती तिथंच थांबली. दाढीच्या खुंटांत त्यानं सुजलेला गाल लपवला होता. दिवाळीपासून दुखतंय, पण तंबाखू धरली की थांबतं, असं तो आरामात सांगू लागला.

धम्मदिनाच्या दाढा भरून झाल्या. जबड्यात पू झाला म्हणून बापाला मात्र त्याच दुपारी दाखल केलं. कार्ड झोकात चाललं. वळकटी कामाला आली. भाकऱ्या त्याला चावेनात, त्या पोरीनं खाल्ल्या.

खाता खाता तिनं विचारलं, "पप्पा, तुमच्या आठवीत कुणी दात बघायला आलं नव्हतं?"

पंढरीनाथ सुजल्या तोंडानं म्हणाला, "आठवीत कुठं होतो मी? तवा लूमला तेल घालाय लागलो होतो."