किटाला वाहिलेलं कुंकू

परभणीतल्या आमच्या कॉलेजात मायक्रोकंट्रोलरचं एकच किट होतं. हिरवी पाटी, वर आकडे उमटणारी लाल पट्टी, खाली बटणं. सर ते कपाटात कुलूपबंद ठेवायचे. प्रॅक्टिकलला ते बाहेर निघालं की पोरं भोवती कोंडाळं करून बसायची आणि वर्गातली एकटी मुलगी म्हणून मला मागचं स्टूल. प्रोग्राम मात्र मी लिहायचा. जिंतूरच्या एसटीत धक्के खात मी आकडे जुळवायची, पोरं ते बटणांवर दाबायची आणि दिवे लागले की शाबासकी त्यांना. एकदा मी हात पुढे केला तर सर म्हणाले, राहू दे, जळलं तर दुसरं नाही. पोरांना त्यांनी हे कधी ऐकवलं नाही. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

किटाला माझा हात लागला तो फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा व्हायची आणि हळदकुंकू वाहायला बाईमाणूस हवं. सरांनी मला पुढे बोलावलं. हात आखडू नको म्हणाले, म्हणून मी बटणांवरही चिमटी चिमटी वाहिलं. एक बटण दाबून बघू का विचारलं, तर म्हणे, आज अवजाराला काम लावत नसतात. पूजेला चालणारा हात बाकी वर्षभर का चालत नाही, हे ओठांवर आलं होतं.

दिवाळीनंतर परीक्षा आली. परीक्षक बाहेरगावचे, आणि ज्याने त्याने एकट्याने किटावर बसायचं. नापास झाले की माझं कॉलेज बंद, हे घरी ठरलेलंच होतं. चिपला बाहेरच्या तारा जोडायला धातूचे पाय असतात, आठ पायांचा एक पोर्ट. मला प्रश्न आला तो असा: पोर्टच्या एका पायावर बाहेरून जोडलेलं बटण वाचायचं, ते दाबलं की दुसऱ्या पायावरचा दिवा लावायचा. हे मला तोंडपाठ होतं. पोर्टला बाहेरचं वाचायला लावायचं तर आधी त्या पायावर एक लिहावा लागतो. शून्य लिहून ठेवलात, तर बाहेरून काहीही येवो, तो शून्यच वाचतो. त्या पोर्टचा पत्ता होता नव्वद. मी नऊ दाबला. पट्टीवर काही उमटलं नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. मागे पोरं हसली.

सर परीक्षकांच्या कानाशी लागले. "मुलींना यंत्राची सवय नसते साहेब. तोंडी विचारा अन् सोडून द्या."

सवय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाली वाकून पाहिलं तर नऊच्या फटीत लाल भुकटी घट्ट बसलेली. पोरं दसऱ्यापासून तो नऊ अंगठ्याने रेटून चालवत होती, हे मला नंतर कळलं. मला कोण सांगणार?

"सर, बटणात कुंकू गेलंय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमीच वाहायला लावलं होतं. त्यानंतर एकदा जरी हात लावू दिला असता, तर मला तवाच कळलं असतं."

सर काही बोलायच्या आत मी ओढणीची पिन काढली, बटणाची टोपी उचकटली आणि जोरात फुंकर मारली. कुंकू टेबलभर उडालं. मग नऊ उमटला, शून्य उमटलं, आणि बाकीचे आकडे मी न अडखळता भरले. बाहेरचं बटण दाबलं तसा दिवा लागला.

परीक्षक म्हणाले, झालं, उठा. सरांनी किट उचलायला हात पुढे केला.

"थांबा सर," मी म्हणाले, "आजून माझा हात हाय त्याच्यावर."

आणि दिवा लावत, विझवत मी तिथेच बसून राहिले.