डॉट, डॅश आणि भुजंगप्रयात

आमची सिग्नल तुकडी तेव्हा अंधेरीच्या विमानतळाजवळ होती. सकाळी पीटी, मग दिवसभर कानाला हेडफोन. शेजारच्या सेटवर नाईक पीटर, जवळच्या मरोळ गावठाणातला. शाळेत कविता शिकलेला. मला शिकवल्याशिवाय तो काही सोडणार नव्हता.

"सावंत, लघु म्हणजे डॉट, गुरू म्हणजे डॅश. भुजंगप्रयात काय रे? डॉट डॅश डॅश, चार वेळा. हाण!"

मी मोर्सच्या बटणावर हाणले. लाइन चालू आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हते. मोर्समध्ये डॉट डॅश डॅश म्हणजे डब्ल्यू; पलीकडच्या स्टेशनला डब्ल्यूमागून डब्ल्यू गेले. सुभेदारसाहेबांनी आम्हाला मैदान पळायला लावले. पीटर पळतानाही वृत्त म्हणत होता. ते तेव्हा माझ्या अंगात भिनले, ते आजतागायत.

वृत्त झकास जमले, कविता जमेना. जवानाला मी सिंह केले, सूर्य केले. पीटर वैतागला.

"सिंह बघितलास कधी? जे बघितलंस तेच लिही ना, यार."

एका दुपारी पेट्रोलच्या गोदामाला आग लागली. पीटर वायरलेस पाठीवर घेऊन पुढे गेला. मी सेटवर होतो.

"पीटर, मागे ये. साहेबांची ऑर्डर आहे. ओव्हर."

"आत दोघं होते. एकाला काढलं. दुसऱ्याला घेऊन येतो. ओव्हर."

दुसऱ्याला त्याने खिडकीतून बाहेर ढकलले. तो वाचला. पीटर आला नाही. मी हाका मारत राहिलो.

सुभेदारसाहेब म्हणाले, "महिना झाला की चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, प्रार्थना आहे. ती झाली की तुकडीतर्फे तू कविता म्हणायची. त्याची आई असेल."

त्या माउलीपुढे खोटा शब्द चालणार नव्हता. सिंह आणि सूर्य खोडले. जे ऐकले, तेवढेच ठेवले. उरल्या दोन ओळी, पण त्या पक्क्या होत्या. चर्चच्या अंगणात छाती काढून म्हटल्या:

तुझा शब्द आला धुराच्यामधूनी,
इथे सेटपाशी उभा मी अजूनी.

आईची बोटे मांडीवर चालत होती. डॉट डॅश डॅश.

"हेच," ती म्हणाली, "जेवताना ताटावर वाजवायचा. मी ओरडायची रे त्याला."

मला रडू आवरले नाही.

वायरलेसवर उत्तर हवे असेल तर 'ओव्हर' म्हणतात, बोलणे संपले की 'आउट'. पीटर 'ओव्हर' म्हणून गेला. त्याला 'आउट' मी अजून म्हटलेले नाही.