हात पुसा आधी

रंगारीणबाईंच्या घरी सोयाबीनचं दूध निघायचं, पण ते कुणाला प्यायला मिळायचं नाही. ते प्यायचं कापड. सुती कापड भारी मानी. सालीपाल्याचा रंग सहजासहजी अंगाला लावून घेत नाही. त्याला आधी हे दूध पाजायचं, वाळवायचं, पुन्हा पाजायचं आणि मग काही आठवडे नुसतं घडी घालून ठेवायचं. घरात दोघंच. दाणे भिजवणं, वाटणं, गाळणं बाईंकडे. कापड पिळणं रंगारीबुवांकडे.

बुवांना एक खोड होती. दुधाने ओले झालेले हात तसेच वाळल्या कापडाला लावायचे. दूध सुकलं की काही दिसत नाही, पण रंगात घातलं की तिथेच गडद पंजा उमटतो. "अहो, हात पुसा आधी," असं बाई जन्मभर कानीकपाळी ओरडल्या. टबाशेजारी खिळ्याला खास फडकं अडकवलं. बुवा "पुसतो, पुसतो" म्हणत आणि विसरत. फडकं कायम कोरडं.

थंडीत बुवा गेले. त्यांनी दूध पाजलेली शेवटची चादर कपाटात राहिली. ती शिवणवालीने पडद्यांसाठी सांगून ठेवली होती, आणि हल्ली दार वाजवणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. बाईंनी मन घट्ट करून चादर कांद्याच्या सालींच्या रंगात सोडली.

बाहेर काढली तर कोपऱ्यात पंजा. करंगळी जराशी वाकडी, बुवांचीच. ज्या डागावरून इतकी वर्षं तोंड चालवलं, तो फिका पडेल म्हणून आता चादर खळबळायला बाईंचा हात धजेना.

शिवणवाली आली तेव्हा बाईंनी सरळच सांगितलं, "ही देणार नाही. दुसरी करते. रागावलात तरी चालेल."

शिवणवालीने पंजाकडे बघितलं. "दुसरी पिळणार कोण?"

"मीच."

"एकट्या? उगीच कंबर मोडून घ्याल," म्हणत तिने बाह्या वर केल्या.

दोघींनी दोन टोकं धरून दुधात भिजवलेली नवी चादर पिळली. मग शेजारची वाळलेली घडी बाजूला करायला शिवणवालीने ओलेच हात पुढे केले.

"अहो, हात..." बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"काय झालं?"

"काही नाही. फडकं आहे तिथे, खिळ्याला."

शिवणवालीने फडकं काढलं, नीट हात पुसले आणि परत अडकवलं. बाईंनी जाऊन ते चाचपून पाहिलं. ओलं होतं. बुवा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना मोठ्याने रडू आलं.