सही न करणारे हाडमास्तर

हाडमास्तरांकडे एक्स-रे शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी यंत्राला हात लावायला मिळत नसे. त्याला आधी टेबलावर आडवं व्हावं लागे. ऐन थंडीची सकाळ असली तरी त्या गार टेबलावर पंधरा मिनिटं निपचित पडायचं. मान डावीकडे, हनुवटी वर, तळहात उलटे. मास्तर बाजूला स्टुलावर बसून निवांत तंबाखू मळत. शिकणारा कुरकुरला की म्हणत, "तुही तं हाडं साबूत हायेत. मोडलेल्याले कसं वाटत असन, ते समजू दे जरा." मला त्यांनी लुगड्यासकट झोपवलं, पण पंधरातलं एक मिनिट कमी केलं नाही.

अकोल्यातला तो धर्मादाय दवाखाना होता. नाव सांगत नाही. त्याचे जुने विश्वस्त गेले, त्यांच्या नातवंडांशी मला भांडायचं नाही. मास्तर मूळचे मोर्शीकडचे, घरची संत्र्याची बाग. सातवीनंतर शाळा सोडून ते लढाईत भरती झाले आणि बंदूक मिळण्याऐवजी फौजेच्या इस्पितळात एक्स-रेच्या यंत्राशी त्यांची गाठ पडली. परत आले ते हीच विद्या घेऊन. उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं मात्र तिकडेच राहिली. तेव्हा जखमी माणसाला उघड्या हातांनी धरून फोटो काढत, त्या किरणांचा तो प्रसाद. दवाखान्यात कोणी मूल धरायला सांगितलं की ते ती बोटं नाचवत म्हणत, "शिशाचा एप्रन आना, मंग धरतो. नाई तं तुमी धरा." मोठे डॉक्टरसुद्धा मुकाट्यानं एप्रन मागवत.

अशा माणसाला 'शिकाऊ मुलगी हवी' असं एकाएकी वाटलं, त्याचं कारण एक पोत. धामणगावकडची एक बाई खोकल्यासाठी आली होती. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना वर पांढुरके ठिपके दिसले. क्षय ठरला. नवऱ्यानं तिला माहेरी पोचवायची तयारी केली, तिची भांडी वेगळी झाली. मास्तर दोन दिवस ती फिल्म उजेडासमोर धरून बसले होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, क्षयाचे ठिपके असे शाळेतल्या पोट्ट्यांवानी रांगेत बसतेत काय?" झालं होतं ते असं, की वॉर्डबॉयनं दारातून ओरडून तिला गळ्यातलं बाजूला करायला सांगितलं. नवरा जिता असताना काळी पोत काढणार कशी? तिनं ती पाठीवर सरकवली आणि पोलक्याच्या आत ढकलली. समोरून गळा मोकळा दिसला, सगळ्यांचं समाधान झालं. पण किरणं पाठपोट थोडीच बघतात. त्यात बाई हलली, फोटोत मणी फिसकटले आणि एका धडधाकट बाईला क्षय झाला.

दुसरा फोटो स्वच्छ आला. बाई सुटली, पण मास्तर काही सुटले नाहीत. आजवर अशा किती बायांच्या पोती आपण क्षय म्हणून वाचल्या, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला. ते स्वतः बाईच्या गळ्याला हात लावू शकत नव्हते, आणि बाई त्यांच्याशी बोलत नव्हती.

त्याच महिन्यात मी आईला घेऊन तिथं गेले. आम्ही जुन्या शहरातले, मोर्णा नदीपलीकडचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि वडील जो भेटेल त्याला ते सांगत सुटले होते. आईलाही वॉर्डबॉयनं तेच ओरडून सांगितलं. आई रडकुंडीला आली. मी चिडले. आत जाऊन तिची पोत वर ओढली आणि म्हणाले, "आई, दातात धर आन गप उभी राह्य." फोटो आरशासारखा आला. मास्तर बाहेर आले. "हे दातात धरायचं कोनं शिकवलं वं तुले?"

"कोनं शिकवलं नाई. काढायची नाई आन फोटोतबी याची नाई, तं मंग जाईन कुठी?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅट्रिकले सायन्स होतं?"

"होतं."

"उद्यापासून ये."

इतकं सोपं होतं ते, आणि इतकं अवघडही. दवाखान्यात त्या सालापासून एक्स-रेचा प्रमाणपत्राचा वर्ग निघणार होता. बाहेरचा परीक्षक, पास झालेल्याला नोकरी. अर्ज सगळे मुलांचे. माझा अर्ज घेऊन मास्तर विश्वस्तांच्या बैठकीत घुसले. मी दाराशी उभी होते, सगळं ऐकत होते. मुख्य विश्वस्त म्हणजे सरकीचे मोठे व्यापारी शेठजी. त्यांनी अर्ज हातात न घेता विचारलं, "आडनाव काय मुलीचं?"

मास्तर म्हणाले, "मॅट्रिकले सायन्स होतं."

"ते नाही विचारलं. आडनाव?"

"शास्त्रात पासष्ट मार्क. या पोट्ट्यांमंधी कोनालेच नाई."

तिसऱ्यांदा विचारायची शेठजींची हिंमत झाली नाही. मग त्यांनी दुसरी वाट धरली. जवान पोरगी, डार्करूममध्ये, दार लावून, परपुरुषांबरोबर. लोक काय म्हणतील? खोटं कशाला बोलू, हाच प्रश्न माझ्या वडिलांनीही विचारला होता. मास्तरांकडे उत्तर तयार होतं. "माही बायको दाराशी बसन. लोकायले काई म्हनायचं असन तं तिले म्हना."

आणि काकी खरंच आल्या. नऊ महिने रोज, डार्करूमच्या दाराला पाठ लावून, पोतं अंथरून. मेथी निवडत, तुरीच्या शेंगा सोलत, लसूण सोलत. जाणारा-येणारा माणूस दाराकडे बघून हसला की त्या विळीवरून मान वर करत आणि नुसत्या बघत. तेवढं पुरे. महिन्याभरात त्यांना फिल्म धुण्याचा वेळही अंगवळणी पडला. आत आम्ही तांबड्या उजेडात औषधात फिल्म बुडवून उभे, आणि बाहेरून हाक येई, "काढ वं पोरी, झाली तुही." दुपारी त्या आणि मी एका डब्यात जेवत असू. त्यावरूनही दवाखान्यात कुजबुज झाली. काकी म्हणाल्या, "माह्या हातची भाजी हाय. कोनासंगं खायची ते मी ठरवीन."

मास्तरांच्या शिकवण्यात कौतुक हा प्रकार नव्हता. फिल्म बिघडली की ते रागावत नसत, ती मला घेऊन बाहेर बाकावरच्या रोग्याकडे पाठवत. "जा, सांग त्याले, का माही चूक झाली, दुसऱ्यांदा झोप म्हना." मोडक्या पायाच्या माणसाला हे सांगताना जीव नकोसा होई. मी दोनदाच गेले. तिसरी फिल्म बिघडली नाही.

मी पास झाले, वर्गात पहिली. बाया आता आपणहून येऊ लागल्या, दातात पोत धरून उभ्या राहू लागल्या. दोन वर्षं अशी गेली आणि मग सरकारी तपासणी आली. तपासणीवाल्यांनी शेरा मारला: प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं यंत्र चालवू नये. दवाखान्यात असा माणूस एकच होता, आम्हा सगळ्यांना शिकवणारा. परीक्षेला बसावं तर मॅट्रिकची अट, आणि मास्तर सातवी. विश्वस्तांनी तोड काढली. मास्तरांनी डार्करूममध्ये मदतनीस म्हणून राहावं, विभाग माझ्या ताब्यात द्यावा, आणि एका कागदावर सही करावी. कागदावर लिहिलं होतं: 'मी अप्रशिक्षित असून...'

मास्तरांनी तेवढंच वाचलं. कागद शेठजींसमोर परत ठेवला. "मी शिकवलेल्या पोरीच्या हाताखाली काम कराले मले लाज नाई. उद्यापासून करतो. पन हे लबाड हाय. याच्यावर मी सही नाई करत."

"मग नोकरी राहणार नाही, मास्तर."

"नोकरी तुमची हाय, ठेवा. शिकलेलं माहं हाय."

मी राजीनामा लिहून त्यांच्या घरी गेले. घरात सामान बांधणं चाललं होतं. त्यांनी राजीनामा वाचला आणि मला कधी नव्हे ते इतके रागावले, की काकी चुलीपासून उठून आल्या. "तुले काहून शिकवलं मी? मी गेलो, तूबी जा, मंग शेठजी पेढे वाटन. बाया आल्या तं कोन पाहीन त्याईले? तो वॉर्डबॉय?" मी रडत होते. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. "रडून घे आन सकाळी टायमावर कामावर जा," म्हणाले. मी गेले. तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. आठ दिवसांनी ते दोघं मोर्शीला बागेवर निघून गेले.

पुढे मला सरकारी नोकरी लागली, अमरावतीला आले. नोकरीच्या अर्जात एक रकाना होता: प्रशिक्षण कोणाकडे घेतले. मी मास्तरांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. कागद परत आला: 'सदर व्यक्ती मान्यताप्राप्त प्रशिक्षक नाही, संस्थेचे नाव लिहावे.' मी पुन्हा तेच नाव लिहिलं. पुन्हा परत आला. मी पुन्हा लिहिलं. शेवटी त्यांनीच नाद सोडला. नंतर बढतीच्या प्रत्येक अर्जाला हीच कटकट झाली, आणि दर वेळी मी तेच केलं. माझ्या हाताखाली मुली शिकू लागल्या, त्या रकान्यात माझं नाव लिहू लागल्या तर मी म्हणायची, "त्याच्यावर मास्तरांचं लिव्ह."

मास्तर गेल्याचं काकींचं कार्ड आलं तेव्हा नेमका असाच एक अर्ज कचेरीतून परत आला होता. कारकून भला माणूस होता. हळूच म्हणाला, "बाई, आता तं ते वारले. आता तरी दवाखान्याचं नाव टाकून द्या. कोन विचारून राहिलं?"

मी म्हणाले, "ते वारले, मी नाई वारले. आन तो फॉर्म इकडे."